पाण्यातला पालक

अल्लीपूर,
१२ जानेवारी

प्रिय नलू,

पाकीट पाहून तुझ्या काळजात धस्स होईल, म्हणून पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, मी बरा आहे. परवा डायलिसिस झालं, वजन बरोबर भरलं, रात्री झोपही लागली. आजकाल घरच्या माणसाला कोणी पत्र लिहीत नाही, हे मलाही कळतं. अल्लीपूर ते जाम अंतर ते किती! पण गेल्या दोन महिन्यांत तुझे फोन मी घेतले नाहीत, आणि घेतले तेव्हा "बरं आहे, ठेवतो" याच्या पुढे गेलो नाही. आता वही घेऊन बसलो आहे. बारावीनंतर इतकं लांबलचक काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराकडे आणि चुकांकडे पाहू नकोस.

भाऊबीजेला तू आलीस. ओवाळलंस. तुझ्या वहिनीनं ताटं वाढली होती, मधुकरराव जावई हात धुऊन आले होते, आणि तू पिशवीतून कागद काढलेस. रक्तगट, सोनोग्राफी, लघवीची, हृदयाची तपासणी. नागपूरला चार चकरा मारून, आम्हाला कानोकान खबर न लागू देता, सगळं करून आली होतीस. "भाऊ, डॉक्टर म्हणतात जुळते. माझी एक किडनी तू घे." शेजारणीला विरजण देतात ना, तेवढ्या सहजपणे बोललीस. आणि मी काय केलं? "मले तुझं काही नको! उचल हे कागद अन् जाय आपल्या घरी," असं जावयांच्या समोर ओरडलो. तू कागद गोळा केलेस, वहिनीच्या पाया पडलीस आणि वाढलेल्या ताटावरून उठून गेलीस. भाऊबीजेला बहीण उपाशी गेली माझ्या घरून. वहिनीनं नंतर तुला समजावलं, आजारानं त्यांचा स्वभाव चिडका झाला आहे म्हणून. नलू, तसं नव्हतं. काय होतं ते सांगायलाच बसलो आहे, पण एकदम तिथं पोचता येत नाही. म्हणून आधी रोपांचं सांगतो. त्या दिवशी तू ती नीट पाहिलीही नाहीस.

डायलिसिस सुरू झालं तेव्हा डॉक्टरांनी डाव्या हाताची नस जोडून दिली, हे तुला ठाऊक आहे. त्या हातानं वजन उचलायचं नाही, त्याला मार लागू द्यायचा नाही, मातीत-धुळीत हात घालायचे नाहीत. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळच्या एसटीनं वर्धा, चार तास मशीनवर, संध्याकाळी घरी येऊन आडवं पडायचं. वावर चंद्रभानला बटईनं दिलं, निम्मं पीक त्याचं. मी छपरीत बाजेवर बसून राहायचो आणि घरच्यांशी भांडायचो. भाजीत मीठ नाही म्हणून भांडायचो, आणि मीठ तर मलाच बंद होतं. चंद्रभान संध्याकाळी येऊन कपाशीला अळी लागली सांगायचा, तर त्याच्यावरही ओरडायचो, जसं काही त्यानंच अळी आणून सोडली.

मागच्याच्या मागच्या दसऱ्याला अंकिता आली. तिची नागपूरच्या पॉलिहाऊसमधली नोकरी तुला माहीत आहे. सोबत तिनं चार पांढरे पीव्हीसी पाईप आणले. पाईपांना ओळीनं भोकं पाडलेली. म्हणाली, "बाबा, आता तुम्ही मातीशिवाय शेती करा." मी म्हटलं, "बापाले येडं समजते काय?" तिनं सरळ कामाला सुरुवात केली. छपरीच्या पूर्वेकडच्या भिंतीला अँगल ठोकून घेतले, पाईप आडवे एकाखाली एक बसवले, खाली निळा ड्रम ठेवला आणि आपल्या जुन्या कुलरची मोटर काढून त्या ड्रममध्ये सोडली. मोटर पाणी वरच्या पाईपात चढवते, ते एकेका पाईपातून वाहत परत ड्रममध्ये येतं. बस, एवढंच यंत्र. भोकांत चहाच्या कपाएवढे जाळीचे पेले बसवायचे, त्यात नारळाचा भुसा आणि त्यात बी. झाडाला जे मातीतून मिळतं ते दोन बाटल्यांतून पाण्यात टाकायचं. दोन बाटल्या एकमेकींत सरळ ओतायच्या नाहीत, नाहीतर पाणी फाटल्यासारखं पांढरं होतं. मी पहिल्याच दिवशी ओतल्या. अंकितानं कपाळाला हात लावला.

आपल्या बोअरचं पाणी किती जड, तुला ठाऊकच आहे, भांड्यांवर पांढरे थर बसतात. ते चालेना. मग गावातल्या आरओ प्लांटवरून कॅन आणायला लागलो. पेनासारखं एक मीटर असतं, ते पाण्यात बुडवायचं की क्षार किती ते आकड्यात दिसतं. मी रोज सकाळी तो आकडा कॅलेंडरवर मांडायचो. वहिनी म्हणाली, आता घरात दोन पेशंट झाले, तुमच्या रक्ताचा रिपोर्ट वेगळा आणि ड्रमचा वेगळा.

पहिल्यांदा पालक लावला, सोबत पुदिना आणि एका पाईपात सांबार, अंकिता त्याला आता कोथिंबीर म्हणते. सांबार नखरेल निघाला, दोनदा गेला, तिसऱ्यांदा आला. पालक मात्र आठव्या दिवशी दोन पानांवर. पंधरा-वीस दिवसांनी मी एक पेला उचलून पाहिला आणि पाहतच राहिलो. जाळीतून खाली मुळं लोंबत होती, पांढरीशुभ्र, ओली, मायच्या केसांसारखी दाट. नलू, चाळीस वर्षं शेती केली मी. मुळं पाहिली ती उपटलेल्या पऱ्हाटीची, नाहीतर मर लागलेल्या तुरीची. जिवंत मूळ वाढताना मी कधी पाहिलंच नव्हतं. पायाखाली सारं जमिनीत चाललेलं, आणि आपण वरची पानं पाहून अंदाज करत बसलो. त्या दिवशी वहिनीला हाक मारून दाखवलं, मग शेजारच्यांना, मग चंद्रभानला. त्यानं उकिडवं बसून वाकून पाहिलं आणि म्हणाला, "बाप्पा! हे तं उघडं पडलं." आम्ही दोघंही हसलो. बऱ्याच महिन्यांनी हसलो होतो.

पण हा पालक मला खाता येत नाही. त्यात पोटॅशियम जास्त, ते माझ्या रक्तात साचतं. वहिनी माझी भाजी दोनदा उकळते, दोनदा पाणी फेकते, मग फोडणी देते. पालकाचं तर नावच नाही. तेव्हा निघेल तो वाटून टाकायचा. अंगणवाडीत एक जुडी, शेजारी एक, आणि दवाखान्यात नेऊन तिथल्या पोरींना. लोक म्हणायचे, हेमराजभाऊ, लय मऊ पालक आहे, चव सांगा ना तुम्ही कशी वाटली. मी म्हणायचो, छान आहे.

आता मे महिन्याचं सांगतो. हे तुला कोणी सांगितलेलं नाही, आम्ही तुझ्यापासून लपवलं होतं. मला दिवसाला एक लिटर पाणी. त्यात चहा आला, औषधाचा घोट आला, वरणातलं पाणीही आलं. वर्ध्याचा मे, पारा सेहेचाळीसवर, घशाला कोरड अशी की जीभ टाळूला चिकटायची. आणि माझ्या डोळ्यासमोर सकाळपासून रात्रीपर्यंत पाणी वाहतंय. अठ्ठेचाळीस रोपं पाण्यात पाय सोडून बसलेली, आणि मी बाजेवर बर्फाचा खडा तोंडात धरून त्यांच्याकडे पाहतोय. उन्हानं ड्रमचं पाणी तापलं की मुळं कुजतात, म्हणून अंकितानं सांगून ठेवलं होतं की दुपारी बर्फाच्या बाटल्या ड्रममध्ये सोडायच्या. वहिनी रोज फ्रीजमध्ये दोन बाटल्या गोठवायची. पाईपांवर ओलं बारदान, वरून हिरवी जाळी, आणि एक वाजता दोन बाटल्या. घरी असेन त्या दिवशी ते काम माझं.

एका गुरुवारी दुपारी वहिनी बचत गटाच्या बैठकीला गेली होती. मी बाटली हातात घेतली, अर्धी वितळली होती. झाकण उघडलं आणि प्यायलो. सगळी. थांबताच आलं नाही. शनिवारी पुन्हा. रविवारी दोन्ही. वहिनीनं विचारलं, टाकल्या ना बाटल्या? मी म्हटलं, टाकल्या. सोमवारी पहाटे मला श्वास घेता येईना. छातीत पाणी भरलं होतं. एकशे आठची गाडी बोलावून मला वर्ध्याला नेलं. तिथल्या काट्यावर वजन साडेचार किलो जास्त. सपना म्हणून नर्स आहे तिथं, तिनं विचारलं, "काका, किती प्याले?" मी म्हटलं, रोजच्यासारखंच, लिटरभर. तिनं वहिनीकडे पाहिलं, वहिनीनं माझ्याकडे. 

दोन दिवसांनी घरी आलो. तेव्हा अंकिता आली होती, एकेक पेला काढून पाहत होती. मुळं तांबडी झाली होती, बुळबुळीत, वास सुटलेला. "बाबा, बाटल्या टाकत होते ना तुम्ही?" मी म्हटलं, टाकत होतो. पोरीनं मान खाली घातली आणि सगळा पालक उपटून टोपल्यात टाकला. तिला कळलं होतं. वहिनीलाही कळलं होतं.  तिनं काय केलं सांगू? दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या लिटरच्या बाटलीशेजारी तिनं दुसरी तशीच बाटली भरून ठेवली. "आजपासून तुम्ही जितकं प्यासान, तितकंच मी पीन." मला वाटलं रागानं बोलते आहे. पण ती खरंच तेवढंच पाणी प्यायला लागली. मेच्या उन्हात, चुलीशी बसून, धुणंभांडी करून, दिवसाला एक लिटर. अकरा दिवस. बाराव्या दिवशी अंगणात कपडे वाळू घालताना भोवळ येऊन पडली. मी उठवायला गेलो तर डावा हात लावता येईना, उजव्या हातानं कसंबसं टेकवून बसवलं. मी हात जोडले तिला. सगळं कबूल केलं, कोणत्या दिवशी किती प्यायलो ते. तेव्हा तिनं तांब्या तोंडाला लावला. त्यानंतर मी एक घोटही चोरून प्यायलेलो नाही. पाईप धुऊन नव्यानं बी टाकलं. जूनमध्ये पालक पुन्हा उभा राहिला.

आता नत्थूजींचं. माझ्या शेजारच्या मशीनवर पवनारचे नत्थूजी असायचे. वय बासष्ट. धामच्या पात्रात त्यांच्या बापाची डांगरवाडी होती, उन्हाळ्यात नदीच्या रेतीत खड्डे करून टरबूज, काकड्या लावायचे. मी पालक घेऊन गेलो की म्हणायचे, "आम्ही रेतीत पिकवलं, तू पाण्यात पिकवून राह्यला. आता हवेत कोण पिकवते ते पाहू." चार तास त्यांच्या बोलण्यात निघून जायचे. त्यांची बायको सुलोचनाबाई दर वेळी सोबत यायची, बाकावर बसून राहायची. ती किडनी द्यायला तयार होती, तपासणीही जुळली होती. नत्थूजी तयार नव्हते. "माझ्यासाठी बायकोच्या पोटाले चिरा नाई पडू देणार," म्हणायचे, आणि आम्ही सगळे माना डोलवायचो. मीही. भाऊबीजेचं मी त्यांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "बरोबर केलं तू." तेवढ्यानं मला दोन आठवडे बरं वाटलं.

डिसेंबरमध्ये नत्थूजींना ताप आला आणि चार दिवसांत ते गेले. त्यांची तेरवी झाल्यावर मी आणि वहिनी पवनारला भेटायला गेलो. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून पालकाच्या दोन जुड्या आणि पुदिना नेला. सुलोचनाबाई आत बसली होती. मी म्हटलं, नत्थूजी फार मोठ्या मनाचा माणूस, तुमच्या जिवाला त्यांनी धक्का लागू दिला नाही. नलू, त्या बाईनं माझ्याकडे असं पाहिलं की मला उठून जावंसं वाटलं. "सगळे हेच म्हणतात," ती म्हणाली. "लय चांगला माणूस, बायकोचं घेतलं नाई. मले काऊन कोणी इचारत नाई भाऊ? मी रोज म्हणत होती, घे. रोज. तो चांगला ठरला अन् गेला. आता हे पोटात ठेवून मी काय करू?" आणि तिनं पदर तोंडात धरला. वहिनी तिला जवळ घेऊन बसली. मी बाहेर येऊन रस्त्यावर उभा राहिलो.

परत येताना वर्ध्याच्या स्टँडवर गाडीला वेळ होता. वहिनीनं विचारलं, "नलूबाईले काय सांगायचं ठरवलं?" मी फलाटावरची पाटी वाचत राहिलो. ती म्हणाली, "तुमच्या मनात काही दुसरंच हाये. किडनीचं नाई ते. पंचवीस वर्षं झाली तुमच्यासंगं, मले समजते." मी म्हटलं, गाडी लागली, चल.

त्या सपना नर्सचा हात फार हलका आहे. जाड सुया असतात, दोन, एक रक्त बाहेर काढायची आणि एक परत टाकायची. दुसऱ्या कोणी टोचली की हात दोन दिवस ठणकतो. ही आधी बोटानं नस चाचपते, बोलता बोलता सुई जाते, कळतही नाही. पहिल्या दिवसापासून तिचा हात पाहिला की मला तू आठवतेस. माय क्षयानं अंथरुणाला खिळली होती त्या वर्षी रोज इंजेक्शन लागायचं. उपकेंद्रातली नर्सबाई रोज यायची नाही, म्हणून तिनं तुला शिकवलं. अठरा वर्षांची होतीस. काचेची सिरींज पातेल्यात उकळायची, फडक्यावर ठेवायची, हवा काढायची. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहायचो, मला पाहवायचं नाही. माय म्हणायची, "नर्सबाई टोचते तं दुखते, माह्या पोरीचा हात समजतच नाई." त्याच जूनमध्ये तू बारावी पास झालीस, आणि वर्ध्याच्या नर्सिंगच्या ट्रेनिंगचा फॉर्म भरलास. फॉर्मवरचा फोटो काढायला वहिनी नव्हती तेव्हा घरात, मीच तुला सायकलवर डबलसीट घेऊन हिंगणघाटला गेलो होतो. स्टुडिओत तू दोनदा वेणी घातलीस.

आता इथपर्यंत आलो आहे तर लिहूनच टाकतो. नलू, तुला बोलावणं आलं होतं.

कार्तिक महिना होता, कापूस वेचणीला आलेला. मी वावराच्या धुऱ्यावर, बांधाशी, गाठोडं बांधत होतो. पोस्टमन सायकलवरून गावाकडेच चालला होता, मला पाहून थांबला आणि लांब खाकी पाकीट माझ्या हातात दिलं. मी तिथंच फोडलं. तुझं नाव, मुलाखतीची तारीख, सोबत आणायचे दाखले, आणि खाली लिहिलं होतं, पालकांसह हजर राहावे. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. पालक मीच होतो. ते मी खिशात घातलं. खरंच सांगतो, तेव्हा मनात असं होतं की संध्याकाळी तुला देऊ, तू नाचशील. पण संध्याकाळी घरी आलो तर तू मायला इंजेक्शन देत होतीस, चुलीवर भाकर होती, आणि मला वाटलं, ही गेली तर हे सगळं कोण करेल? वेचायला बाया मिळत नव्हत्या, तू सकाळी चार तास वेचायचीस. म्हटलं, उद्या सांगू. उद्याही सांगितलं नाही. मुलाखतीची तारीख निघून गेली त्या दिवशी मी पाकीट चुलीत घातलं.

मायचं आजारपण आणि कापूस, एवढंच कारण असतं तर मी तुला दहा वर्षांनी का होईना सांगितलं असतं. दुसरंही होतं. बाबा गेले आणि माझं शिक्षण बारावीवर सुटलं. मला कॉलेजात जायचं होतं, कोणाला बोललो नाही. तू जाणार, वर्ध्याला राहणार, पांढरे कपडे घालणार, आणि मी ढेकळं फोडत राहणार, हे मला सहन झालं नाही. बावीस वर्षांचा होतो. हे कारण मी स्वतःलाही फार उशिरा सांगितलं.

तू दोन महिने पोस्टात जात होतीस. पोस्टमन तोवर बदलून गेला होता, नवा माणूस मान हलवायचा. एका संध्याकाळी तू माझ्याजवळ येऊन बसलीस आणि म्हणालीस, "भाऊ, माहेच मार्क कमी पडले असतीन." मी म्हटलं, "हो, तसंच असन." नलू, पाकीट जाळलं त्यापेक्षा हे वाक्य मला जास्त टोचतं. पुढच्या उन्हाळ्यात मी तुझं लग्न केलं. मधुकरराव चांगले निघाले, हे तुझं नशीब, माझा त्यात काही मोठेपणा नाही. जामच्या चौरस्त्यावर गाडी उलटली की लोक आधी तुला हाक मारतात, तू तुमच्या दुकानातून पट्ट्या आणि डेटॉल घेऊन धावतेस, हे गावातले लोक मला कौतुकानं सांगतात. दर वेळी मी तिथून उठून जातो.

आणि अशी तू भाऊबीजेला कागद घेऊन आलीस. त्या कागदांवरचं तुझं नाव पाहिलं आणि मला ते खाकी पाकीटच दिसलं. एकदा तुझं सगळं घेतलं, तेही तुला न सांगता, आता पोटातलं घेऊ? तोंडातून खरं निघेना, म्हणून राग निघाला. लोकांना वाटलं, भाऊ बहिणीला जपतो. मी स्वतःला जपत होतो.

परवा मी हे सगळं तुझ्या वहिनीला सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. माझं पाणी, गोळ्या, उकळलेली भाजी, सगळं वेळेवर समोर येत होतं, पण शब्द नाही. आज सकाळी बोलली. मी म्हटलं, फोन लावतो नलूला. तर म्हणाली, "फोनवर सांगू नका. फोनवर नलूबाई लगेच 'जाऊ दे भाऊ' म्हणतीन अन् तुम्ही सुटसान. लिहून धाडा. त्यांले एकटीनं वाचू द्या, रागावू द्या." म्हणून हे पत्र. एकटी असताना वाच, जावयांना मग दाखव, किंवा दाखवू नकोस, तुझी मर्जी.

मी फोन करून विचारल्यावर नागपूरच्या डॉक्टरांनी पुढच्या गुरुवारी, तेवीस तारखेला, आपल्या दोघांना बोलावलं आहे. मी जाणार आहे. आणि खरं लिहायचं ठरवलंच आहे तर हेही लिहितो, मला जगायचं आहे नलू. तुझी किडनी मला पाहिजे. नको म्हणणं सोपं होतं, त्यात मीच चांगला ठरत होतो. पण तू देशील तर सगळं माहीत असताना दे, आणि नाही दिलीस तर मी एका शब्दानं कारण विचारणार नाही, दुसऱ्या कोणाला विचारूही देणार नाही. मशीन आहे, सोमवार, बुधवार, शुक्रवार आहे, माझं चाललं आहे. माफी मागत नाही, ती मागितली की तुला द्यावी लागेल. आधी रागाव. छत्तीस वर्षांचा राग आहे, एका दिवसात उरकू नकोस. गुरुवारी नाही आलीस तर मी समजेन की अजून तुझं रागावणं चालू आहे, आणि तुझ्या या भावाला पहिल्यांदा तुझी वाट पाहू दे.

तुझाच,
हेमराज